दुसऱ्याचा लाखोटा

"फादर, घर एक, चूल एक, मग टपाल वेगळं कशाला?"

हा प्रश्न मला कोल्हापुरातील एका निवृत्त, सुशिक्षित आणि नेमाने मिस्सेला येणाऱ्या गृहस्थांनी विचारला. त्यांच्या सुनेच्या नावे नोकरीच्या मुलाखतीचे पत्र आले होते. ते त्यांनी फोडले, वाचले आणि दिनदर्शिकेच्या मागे खोचून ठेवले. मुलाखतीची तारीख टळून गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी, घराची साफसफाई करताना, ते सुनेच्याच हाती लागले. ती माझ्याकडे आली ती रडत नव्हती, तिने फक्त फाडलेले पाकीट टेबलावर ठेवले आणि विचारले, "हा गुन्हा आहे की नाही, एवढंच सांगा." सासरेबुवांना मी बोलावून घेतले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर अपराधाची पुसटशी छटादेखील नव्हती. सुनेच्या भल्यासाठीच आपण हे केले, असे ते शांतपणे म्हणाले, आणि वर उद्धृत केलेला प्रश्न त्यांनी मलाच टाकला.

सुनेच्या प्रश्नाला मी त्या क्षणी मोठ्या आत्मविश्वासाने "आहे" असे उत्तर दिले. नंतर एका वकील स्नेह्यांकडे बसून कायदा उलगडून पाहिला, आणि माझा आत्मविश्वास ओसरला. तो का ओसरला, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

आपल्या देशात टपालाचा कारभार सव्वाशे वर्षे 1898 च्या भारतीय टपाल कार्यालय अधिनियमानुसार चालला. तो परकीय सत्तेने केलेला कायदा होता आणि त्यात सत्तेची सोय प्रथम पाहिलेली होती, हे खरेच. पण त्यात काही गोष्टी निःसंदिग्धपणे लिहिलेल्या होत्या. टपाल खात्यातील नोकराने कर्तव्याविरुद्ध वागून पत्र फोडले किंवा मुद्दाम अडवून ठेवले, तर कलम 53 नुसार दोन वर्षांपर्यंत कैद. त्याने पत्र चोरले, दडवले वा नष्ट केले, तर कलम 52 नुसार सात वर्षांपर्यंत. आणि खात्याबाहेरच्या कोणीही, म्हणजे तुम्ही-आम्ही, दुसऱ्याला मिळावयास हवे असलेले पत्र त्याला इजा पोहोचवण्याच्या दुष्ट हेतूने फोडले किंवा त्याच्यापर्यंत पोहोचू दिले नाही, तर कलम 69 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. या शेवटच्या कलमाला एक अपवाद जोडलेला होता. पत्र ज्याच्या नावे आहे ती व्यक्ती अज्ञान असेल, तर तिचे आईबाप किंवा पालक यांना हे कलम लागू नव्हते. वाचकांनी या अपवादाकडे नीट पाहावे. त्यात नवरा नाही. सासरा नाही. थोरला भाऊ नाही. ज्या काळात स्त्रीला स्वतंत्र अस्तित्व आहे हेच पुष्कळांना मान्य नव्हते, त्या काळच्या परकीय कायदेकारांनीही 'पतीने पत्नीचे पत्र फोडल्यास क्षमा' असे लिहिले नाही.

त्या कायद्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तो अपुराच होता. पत्र पत्त्यावरच्या घरी दिले की ते त्या माणसाला मिळाले असे त्याच्या तिसऱ्या कलमात गृहीत धरलेले होते. त्यामुळे उंबरठ्याच्या आत जे घडते त्याविषयी वकिलांना वादाला भरपूर जागा होती. शिवाय दुष्ट हेतू सिद्ध करायचा. "तिच्या भल्यासाठी" म्हणणाऱ्या सासऱ्याचा दुष्ट हेतू कोणत्या न्यायालयात कसा सिद्ध करणार? तरीही पोलीस ठाण्यात जाऊन बोट ठेवण्याजोगी एक ओळ कायद्यात होती.

ती ओळ आता नाही. संसदेने 2023 च्या डिसेंबरात नवा टपाल कार्यालय अधिनियम संमत केला. राज्यसभेत 4 तारखेला आणि लोकसभेत 18 तारखेला, विरोधी बाकांवरील अनेक सदस्य निलंबित असताना. 18 जून 2024 पासून तो अमलात आला आणि 1898 चा कायदा इतिहासजमा झाला. नागरिकांना नाना सेवा देणारे खाते उभारणे हे नव्या कायद्याचे घोषित उद्दिष्ट आहे. त्याला कोण विरोध करील? पण जुन्या कायद्यातील गुन्हे आणि शिक्षा यांचे सबंध प्रकरण या नव्या कायद्यातून गळले आहे. पत्र फोडणाऱ्या टपाल नोकराला त्यात शिक्षा नाही, घरातील वा शेजारच्या भोचकालाही नाही. मात्र सरकारने पत्र अडवावे, उघडावे, रोखून धरावे याची तरतूद नवव्या कलमात सविस्तर आहे. सार्वजनिक सुव्यवस्था आणि आणीबाणी ही कारणे तर आहेतच, शिवाय कोणत्याही कायद्याचे उल्लंघन हेही कारण पुरेसे आहे. म्हणजे पत्र फोडण्याचा अधिकार राहिला आणि पत्र फोडण्याचा गुन्हा गेला. याला सुधारणा म्हणावे असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही.

कोणी म्हणेल, भारतीय न्याय संहिता आहे ना? आहे. चोरी आहे, अपहार आहे, विश्वासघात आहे, बंद पात्र फोडण्याचे कलम 334 आहे. परंतु या सर्वांच्या मुळाशी अप्रामाणिकपणे मालमत्ता लाटण्याचा किंवा नुकसान करण्याचा हेतू लागतो. ज्याने पत्र हळूच फोडले, वाचले आणि डिंक लावून परत ठेवले, त्याने कोणाची कोणती मालमत्ता लाटली? कागद जिथल्या तिथे आहे. गेले ते काहीतरी निराळेच, आणि त्या निराळ्या वस्तूला दंडसंहितेत नाव नाही.

याच्या जोडीला दुसरे चित्र ठेवतो. दुसऱ्याच्या संगणकात लबाडीने शिरून त्याचा ईमेल वाचला, तर माहिती तंत्रज्ञान अधिनियम 2000 च्या कलम 66 नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरला तरी कलम 66 क नुसार तेवढीच. एखादा पुरुष एखाद्या स्त्रीच्या ईमेलवर किंवा इलेक्ट्रॉनिक संदेशांवर पाळत ठेवत असेल, तर न्याय संहितेच्या कलम 78 प्रमाणे तो पाठलागाचा गुन्हा आहे. ज्या हिवाळी अधिवेशनात पत्राचे संरक्षण गेले त्याच अधिवेशनात दूरसंचार कायदा झाला. त्याच्या कलम 42 नुसार बेकायदा संदेश अडवून ऐकणाऱ्यास तीन वर्षे कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि ते कलम 26 जून 2024 रोजी लागू झाले. पत्र उघडे पडल्यानंतर अवघ्या आठ दिवसांनी! त्या सुनेला मुलाखतीचे बोलावणे मोबाईलवर आले असते आणि सासऱ्यांनी तिचा पासवर्ड लबाडीने वापरून ते पुसून टाकले असते, तर तिच्या हाती कायदा होता. कागदावर आले म्हणून ती निःशस्त्र.

"आता पत्रे लिहितो कोण?" हा यावरचा हमखास प्रतिप्रश्न. प्रेमपत्रे कोणी लिहीत नसेल, मान्य. खुशालीची पोस्टकार्डेही सरली. परंतु आजही पाकिटातून येते ते काय, याचा विचार करा. बँकेचे एटीएम कार्ड येते, चेकबुक येते, आधार आणि पॅन कार्ड येते, विम्याचे कागद येतात आणि न्यायालयाची नोटीस येते. म्हणजे माया-ममता टपालातून गेली आणि हक्क तेवढे उरले.

न्यायालयाच्या नोटिशीपाशी मला थोडे थांबायचे आहे, कारण सर्वांत मोठा अन्याय येथेच दडलेला आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पाचव्या आदेशातील पंधराव्या नियमानुसार प्रतिवादी घरी सापडत नसेल, तर समन्स घरातील कोणाही प्रौढ व्यक्तीच्या हाती देता येते. घरगडी चालत नाही, पण सासू, दीर, नणंद चालतात. टपालाने धाडलेल्या कागदाबाबत 1897 च्या सामान्य वाक्खंड अधिनियमाचे कलम 27 असे गृहीत धरते, की पत्ता बरोबर आहे, तिकीट लावले आहे, रजिस्टरने पाठवले आहे, तेव्हा कागद पोहोचलाच. उलट सिद्ध करण्याचा भार न पोहोचलेल्यावर. (ते स्वतंत्र रजिस्टर पोस्टही 2025 साली स्पीड पोस्टात विलीन झाले, पण गृहीतक कायम आहे.) आता कल्पना करा. नवऱ्याने घटस्फोटाचा अर्ज केला आहे. बायको त्याच्याच आईबापांच्या घरात, त्याच पत्त्यावर राहते आणि दिवसभर कामावर असते. समन्स सासूच्या हाती पडते आणि पाकीट चुलीत जाते. तारखेला बायको हजर नाही म्हणून एकतर्फी हुकूमनामा होतो. तो रद्द करून घेण्यासाठी तीस दिवसांची मुदत असते. समन्स रीतसर बजावलेच गेले नव्हते, असे दाखवता आले तर ती मुदत तिला हुकूमनामा कळल्या दिवसापासून मिळते. पण समन्स घरातल्या प्रौढ माणसाच्या हाती दिल्याची नोंद दप्तरात असते. मग त्या बाईने चुलीतली राख न्यायालयात न्यायची काय?

या मांडणीतील विसंगती डोळ्यांत भरणारी आहे. पत्र पोहोचले असे कायदा गृहीत धरतो, आणि त्या गृहीतकाचे सर्व परिणाम पत्रस्वामिनीच्या माथी मारतो. परंतु पत्र पोहोचू न देणाऱ्यास तो हात लावीत नाही. गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या 18 ऑगस्टपासून, मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आपल्या कोल्हापुरात सुरू झाले. सहा जिल्ह्यांतील वकिलांनी आणि पक्षकारांनी त्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला होता. न्याय मुंबईहून कोल्हापूरपर्यंत आला याचा आनंद मलाही आहे. पण दाराच्या कडीपासून बाईच्या हातापर्यंतचे शेवटचे सहा पावलांचे अंतर कोणी मोजायचे?

तूर्त उपाय अगदीच नाही असे नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात आर्थिक छळ हाही हिंसाचार मानला आहे. बँकेचे कार्ड दडवणे, नोकरीचे बोलावणे दाबून ठेवणे हे त्यात बसवता येते, असे माझ्या वकील स्नेह्यांचे मत आहे. त्या सुनेला मी हे सांगितले. तक्रार करायची की नाही हा तिचा निर्णय, आणि तिने तो मला कळवलेला नाही. कळवावा अशी अपेक्षाही मी ठेवलेली नाही.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळतो. त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. आपल्याकडे पत्र ही अनेकदा साऱ्या घराचीच नव्हे तर साऱ्या आळीची वस्तू होती. शाहू महाराजांनी 1917 साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा घरातले शाळेत जाणारे पोर हेच पुष्कळ घरांचे डोळे झाले. ते आजीला मामाचे पत्र वाचून दाखवी, शेजारणीला तिच्या मुंबईच्या नवऱ्याचे. पोस्टमन स्वतःच कार्ड वाचून बातमी सांगत दारात येई. उघड्या कार्डाला कसले गुपित? हे सर्व खरे आहे. परंतु येथे एक भेद आहे तो नजरेआड करू नये. ती आजी पत्र स्वतः पोराच्या हाती देत असे. वाचणारा तिचा उसना डोळा होता; तिचा मालक नव्हता. आणि ज्याला उघडे बोलायचे नव्हते तो त्या काळीही चार पैसे जास्त देऊन बंद पाकीट घेई. डिंकाची ती एक रेघ म्हणजे पाठवणाऱ्याने काढलेली लक्ष्मणरेषा होती, आणि तिचा अर्थ अडाण्यालाही कळत होता. जुन्या काळी खलिता थैलीत घालून, लाख लावून, वर मोहोर उठवीत. म्हणून तर बंद पत्राला आपण लाखोटा म्हणतो.

पवित्र शास्त्रातील एक दाखला मात्र माझ्याविरुद्ध जातो, तो लपवणे बरे नव्हे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात दावीद राजा उरिया हित्तीच्या हाती सेनापती यवाबासाठी पत्र देतो. उरियाला लढाईच्या तोंडी देऊन मरू द्यावे, हा त्या पत्रातील मजकूर. उरिया आपलेच मरण मुकाट्याने वाहून नेतो. त्याने ते पत्र फोडले असते तर तो वाचला असता! एका तरुणाने मला धर्मशिक्षणाच्या वर्गात हे विचारले होते, आणि मी गडबडलो होतो. आज मी एवढे म्हणेन, की त्या प्रकरणात नाथान संदेष्ट्याने बोट रोखले ते राजावर. सत्ताधीशाने एका विश्वासू माणसाचा प्रामाणिकपणा हेच त्याला मारण्याचे हत्यार बनवले. पत्र न फोडणारा उरिया शास्त्राने मूर्ख ठरवलेला नाही.

राजे लोकांचा विषय निघाला म्हणून सांगतो. 1986 साली राजीव गांधी यांच्या सरकारने टपाल कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक दोन्ही सभागृहांत संमत करून घेतले. सरकारला पत्रे अडवण्याची अधिक मोकळीक देणारे ते विधेयक राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी सही न करता ठेवून दिले. पुढे राष्ट्रपती व्यंकटरामन यांनी ते 1990 मध्ये फेरविचारार्थ परत पाठवले, आणि 2002 मध्ये वाजपेयी सरकारने ते मागे घेतले. तेव्हा वृत्तपत्रे खवळली होती. 2023 मध्ये तेवढा गदारोळ झाला नाही. मधल्या काळात, 24 ऑगस्ट 2017 रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे ठरवले होते. घटना तयार होत असतानाच, 1947 च्या एप्रिलमध्ये, सोमनाथ लाहिरी यांनी पत्रव्यवहाराची गुप्तता मूलभूत हक्कांत घालावी असे सुचवले होते. ते मान्य झाले नाही. सत्तर वर्षांनी न्यायालयाने मागच्या दाराने ते आत घेतले, आणि सहा वर्षांत संसदेने ते पुन्हा अंगणात नेऊन बसवले.

"पण पत्र फोडल्यामुळेच कधी कधी सत्य बाहेर येते" हा आणखी एक युक्तिवाद. 14 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नीच्या खटल्यात गुपचूप केलेले ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून ग्राह्य धरले, तेव्हापासून या युक्तिवादाला जोर चढला आहे. न्यायालयाचा मान राखून मी माझ्या शहराचा एक जुना अनुभव पुढे ठेवतो. 1882 साली 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर चौथ्या शिवाजी महाराजांच्या छळाचा आरोप केला. आधार होता दिवाणांची म्हणून हाती आलेल्या पत्रांचा. न्यायालयात ती पत्रे बनावट ठरली. टिळक आणि आगरकर यांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी 17 जुलै रोजी चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी एकशे एक दिवस काढले. त्या दोघांच्या सचोटीविषयी कोणाला शंका होती? कोवळ्या राजाविषयीची त्यांची कळकळ खरीच होती. पण दुसऱ्याची पत्रे आडमार्गाने जो आणून देतो त्याचा हेतू आपल्याला ठाऊक नसतो, हे त्यांना एकशे एक दिवसांत कळले असेल. आपल्याला अजून कळायचे आहे. 2018 च्या ऑगस्टमध्ये एल्गार प्रकरणातील कथित पत्रे पोलिसांनी न्यायालयाआधी पत्रकार परिषदेत वाचून दाखवली. त्याच प्रकरणात 2020 मध्ये अटक झालेले येशूसंघीय वृद्ध धर्मगुरू स्टॅन स्वामी 5 जुलै 2021 रोजी कोठडीतच, मुंबईच्या रुग्णालयात, वारले. आपल्या संगणकातील पत्रे आपली नव्हेत, असे ते सांगत राहिले. त्याची शहानिशा करणारा खटला त्यांच्या हयातीत उभाही राहिला नाही.

इतरांवर एवढे ताशेरे ओढल्यावर आपल्या अंगणाकडे न पाहणे हा दांभिकपणा ठरेल. मी ज्या लहान गुरुविद्यालयात वाढलो तेथे आमची पत्रे फोडून मिळत. जाणारी पत्रेही उघडी द्यावी लागत. आईला लिहिता येत नव्हते. ती धाकट्या बहिणीकडून लिहून घेई. पहिल्या वर्षी तिच्या पत्रांत सारे असे: म्हैस व्याल्याचे, वडिलांच्या खोकल्याचे, सोसायटीच्या कर्जाचे. सुटीत मी सहज बोलून गेलो, की पत्रे आधी वरिष्ठ वाचतात. त्यानंतर पत्रे आली ती चार ओळींची, "सर्व कुशल आहे" अशी. जमीन गहाण पडल्याचे मला वर्षभराने, गावच्या एसटी थांब्यावर, एका तिऱ्हाइताकडून कळले. माझे वरिष्ठ वाईट नव्हते. आमच्या पाचारणाची काळजी म्हणूनच ते वाचत. भल्यासाठीच!

वास्तविक ख्रिस्तसभेचा कायदा याबाबत कधीच इतका सैल नव्हता. मठांत वरिष्ठांच्या अनुमतीशिवाय पत्र घेऊ नये, असे संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत आहे खरे. पण 1917 च्या धर्मसंहितेतील कलम 611 ने व्रतस्थांना काही वरिष्ठांशी कोणाच्याही तपासणीविना पत्रव्यवहार करण्याचा हक्क दिला होता. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने खाजगी जीवनाच्या रक्षणाचा मानवी हक्कांत समावेश केला, आणि 1983 च्या संहितेतील कलम 220 सांगते, की कोणाच्याही खाजगीपणाच्या हक्काचा भंग करणे कोणालाही अनुज्ञेय नाही. माझी पत्रे फोडली जात होती तेव्हा ही नवी संहिता आमच्या ग्रंथालयात दाखल झाली होती. पापनिवेदनाच्या गुप्ततेसाठी प्राण देण्याची भाषा करणाऱ्या आम्हा धर्मगुरूंना विद्यार्थ्याच्या आईच्या पत्राची गुप्तता किरकोळ वाटावी, याचा अर्थ मला आजवर लावता आलेला नाही.

माझी मागणी लांबलचक नाही. 2023 च्या अधिनियमात एक कलम परत यावे: दुसऱ्याच्या नावचे बंद टपाल त्याच्या संमतीविना जो कोणी जाणूनबुजून फोडील, दडवील किंवा नष्ट करील त्यास शिक्षा, मग तो टपाल नोकर असो वा घरधनी. दुष्ट हेतूची अट त्यात नको. अज्ञान मुलांच्या पालकांचा अपवाद राहू द्यावा. आणि समन्स घरातील ज्या व्यक्तीच्या हाती द्यायचे ती खटल्यातील विरुद्ध पक्षाची नातलग असेल, तर ती बजावणी धरू नये. आमच्या खासदारांना या आशयाचे पत्र मी धाडले आहे, बंद पाकिटातून.

तोवर आमच्या धर्मग्रामात एवढेच केले आहे. कार्यालयाच्या भिंतीवर एक लाकडी पेटी बसवली आहे. ज्यांना घरच्या पत्त्यावर टपाल नको असेल त्यांनी चर्चच्या पत्त्यावर मागवावे. पेटीची किल्ली माझ्याकडे नाही, धर्मग्राम समितीतील दोन भगिनींकडे आहे. पहिल्या महिन्यात सात जणांनी नावे दिली. त्यांपैकी सहा स्त्रिया आहेत. सातवे ते सासरेबुवा. मुलगा त्यांचे पेन्शनचे कागद फोडून पाहतो, अशी त्यांची तक्रार आहे.